काउंटरवरची मारहाण टाळण्यासाठी: दुकानमालकाने करायची कामं आणि कायद्याने अंगावर येणारी जबाबदारी

दुकानात कुणी हात उगारला की सगळे म्हणतात, अचानक झालं. कॅमेऱ्याचं फुटेज अर्धा तास मागे नेऊन बघा. रांग लांबलेली असते, तीनपैकी एकच काउंटर चालू असतं, माल बदलून मागणारा माणूस दोनदा वरच्या मजल्यावर जाऊन आलेला असतो, आणि काउंटरवरची मुलगी त्याला "सर जेवायला गेलेत" एवढंच सांगत असते. तिला नियम पाठ आहे, पण तो थोडा सैल करायचा अधिकार तिला कुणी दिलेला नाही. शिव्या तिलाच खाव्या लागतात आणि वेळ आली तर मारही. दुकानातले बरेचसे प्रसंग इथूनच सुरू होतात, आणि ही गोष्ट बदलणं पूर्णपणे मालकाच्या हातात आहे.

पुढची माहिती महाराष्ट्रातल्या किराणा, कापड, मेडिकल, मोबाइल, सराफी आणि सुपरमार्केट अशा दुकानांसाठी आहे. पाच माणसांच्या दुकानालाही ती वापरता येईल. कायद्याचे काही भाग ठरावीक संख्येच्या दुकानांनाच लागतात; काही ठिकाणी ती संख्या दिली आहे, बाकीच्या ठिकाणी खात्री करून घ्या.

सुरुवात एका वहीपासून

दोनशे पानी वही काउंटरखाली ठेवा. रकाने सात: तारीख, वेळ, दुकानातली जागा, वाद कशावरून, नेमके शब्द काय, मध्ये कोण पडलं, शेवट कसा झाला. शिवीगाळ, धमकी, अंगावर धावून येणं, सामान फेकणं, मुलीचा पाठलाग, सगळं लिहायचं. शब्द जसेच्या तसे लिहायला सांगा. "अपशब्द वापरले" या नोंदीचा पुढे काही उपयोग होत नाही. "बाहेर ये, तुला बघतो" हे लिहिलेलं असेल तर पोलिसांना धमकीचं कलम लावता येतं.

नोंद करणाऱ्याला त्यावरून बोलणी बसता कामा नयेत. "तूच नीट बोलली नसशील" हे एकदा जरी ऐकवलंत तरी ती वही संपली म्हणून समजा. महिनाअखेर वही कोरी निघाली तर मुलं लिहायला घाबरतायत का, ते आधी विचारा.

महिन्याने वही उघडलीत की चित्र दिसेल. वार, वेळ आणि कारण पुन्हा पुन्हा तीच निघतात: शनिवार-रविवारची संध्याकाळ, बंद करण्याआधीचा अर्धा तास, पगारानंतरचा आठवडा, आणि माल परत घेण्याचं काउंटर. जादा माणूस कुठे उभा करायचा, हे त्यावरून ठरवा.

भांडण लावणारी पाटी काढून टाका

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." ही पाटी असंख्य दुकानांत आहे. सदोष मालाच्या बाबतीत ती कायद्याला धरून नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ प्रमाणे सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे काउंटरवरच्या मुलाला तुम्ही रोज बेकायदा वाक्य बोलायला लावताय, आणि समोरच्याला ते ठाऊक असेल तर त्याचा पारा चढणारच.

त्याजागी चार ओळींचा नियम लिहा: सदोष माल किती दिवसांत, बिलासह बदल किती दिवसांत, काय बदलून मिळणार नाही (अंतर्वस्त्रं, कापलेलं कापड, उघडलेलं औषध), पैसे परत की क्रेडिट नोट. हा नियम बिलावर छापा आणि पैसे घेण्याआधी दिसेल असा लावा. माल परत आणल्यावर पहिल्यांदा वाचायला मिळालेला नियम कुणालाच पटत नाही.

आता अधिकाराबद्दल. काउंटरवरच्या प्रत्येकाला ठरावीक रकमेपर्यंत स्वतः निर्णय घेऊ द्या. किराण्यात २०० रुपये, कपड्यांत ५०० रुपये ही रक्कम सुरुवातीला पुरते. तेवढ्यासाठी वरच्याला विचारायचं नाही, फक्त वहीत लिहायचं. महिन्याला यात किती पैसे गेले ते मोजा आणि एका फुटलेल्या काचेच्या किमतीशी ताडून बघा. त्या रकमेवर गेलं तर निर्णय देणारा माणूस तीन मिनिटांत काउंटरवर पोचला पाहिजे. तो जेवायला गेला असेल तर त्याच्या जागी कोण, हे सकाळीच ठरलेलं असावं.

यूपीआय अडकलं तर

हल्ली रोज हमखास होणारा वाद हाच. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले, दुकानाचा साउंडबॉक्स गप्प. ग्राहकाला वाटतं आपल्याला चोर म्हणतायत. मुलाला वाटतं पैसे गल्ल्यात आले नाहीत तर ते आपल्या पगारातून जातील. मागे रांग वाढत असते.

मुलांकडून हा क्रम घोकून घ्या. ग्राहकाला त्याच्याच ॲपमधल्या व्यवहारांच्या यादीतून ती नोंद उघडून दाखवायला सांगायचं. नुसता स्क्रीनशॉट धरायचा नाही, कारण खोटी पावती दाखवणारी ॲप फिरतायत, पण हा संशय तोंडाने बोलायचा नाही. नोंदीतला बारा आकडी यूटीआर क्रमांक वहीत उतरवायचा. मग दुकानाच्या ॲपवर पाहायचं. तिथे पैसे दिसत नसतील तर म्हणायचं: "काका, पैसे तुमच्या खात्यातून निघालेत, आमच्यापर्यंत पोचले नाहीत. बँकेला ते पाच दिवसांत आपोआप परत करावे लागतात. हा नंबर मी लिहून घेतलाय." रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला केलेल्या अशा अडकलेल्या यूपीआय व्यवहाराचे पैसे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही माहिती मराठीत छापून काउंटरला चिकटवा. छापील कागद दाखवला की मुलाच्या शब्दाला वजन येतं.

मग सामान नावाची चिठ्ठी लावून बाजूला ठेवायचं, किंवा रोखीने घ्यायचं. नेहमीचा ग्राहक आणि रक्कम लहान असेल तर नाव लिहून जाऊ द्यायचं. आणि अशा व्यवहाराचे पैसे कामगाराच्या पगारातून कधीच कापायचे नाहीत. ती भीती गेली की मुलाचा आवाज आपोआप खाली येतो.

भाषा आणि वर्गणी

मराठीत बोलण्यावरून दुकानात वाद होतात आणि कधीकधी तिथे नोकरी करणाऱ्या पोराला मार बसतो. प्रत्येक पाळीत दर्शनी काउंटरवर मराठी बोलणारं किमान एक माणूस ठेवा. बाहेरून आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात दहा वाक्यं शिकवा: काय देऊ, बिल हवंय का, सुट्टे आहेत का, जरा थांबा, ताईंना बोलावतो. इथल्या ग्राहकाचा तो हक्क आहे, आणि त्या मुलाचा बचावही. कुणी मोबाइलचा कॅमेरा चालू करून आत आलं तर मुलाने मागे सरायचं, मॅनेजरने पुढे यायचं आणि मराठीत बोलायचं. कॅमेऱ्यासमोर वाद घालायचा नाही. माफी मागायला लावण्यासाठी कॉलर धरली किंवा हात उचलला, की ते गुन्ह्याचं प्रकरण झालं. तिथे ११२ लावायचा.

गणपती-नवरात्राच्या आधी वर्गणीवरून तणाव होतो. रक्कम आणि देणारा माणूस आधीच ठरवून टाका. काउंटरने फक्त "शेठ चारनंतर भेटतील" एवढं सांगायचं. नोंदणीकृत संस्था नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. तिचा क्रमांक नम्रपणे विचारता येतो. धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८.

मांडणी: एका दुपारचं काम

दुकान दोनदा फिरून बघा, सकाळी उघडताना आणि ऐन गर्दीत. सोबत रात्रीच्या पाळीतला माणूस घ्या, त्याला अंधारे कोपरे माहीत असतात.

काउंटरमागे उभ्या माणसाला बाहेर पडायला दोन वाटा हव्यात. एकच वाट असेल आणि ग्राहक तिथेच उभा राहिला तर पोरगं कोंडलं जातं, आणि घाबरलेला माणूस आधी हात उचलतो. काउंटरची खोली ७५ ते ९० सेंटिमीटर ठेवा, म्हणजे पलीकडून हात लांबवून कॉलर धरता येत नाही. आतल्या बाजूला वीतभर उंच फळी टाकली की आतला माणूस उंचावर येतो आणि गर्दीही दिसते. कात्री, कटर, लोखंडी वजनं, जड स्टेपलर ग्राहकाच्या हाताला लागतील असे वर ठेवू नका. मेडिकलमध्ये काचेच्या बाटल्या काउंटरच्या कडेला मांडतात, त्या मागे घ्या.

काचेवरच्या जाहिराती डोळ्यांच्या उंचीच्या पट्ट्यातून काढा. रस्त्यावरून गल्ला दिसला पाहिजे. दाराच्या चौकटीवर १५०, १६५ आणि १८० सेंटिमीटरवर रंगीत खुणा करा, पळणाऱ्याची उंची सांगताना त्यांचा उपयोग होतो.

कॅमेरे असतात, पण कामाच्या वेळी त्यांचा उपयोग होत नाही. कारणं नेहमीची. छतावरच्या कॅमेऱ्यात फक्त टोपी दिसते, म्हणून एक कॅमेरा दाराशी चेहऱ्याच्या उंचीच्या जवळ हवा. डीव्हीआरचं (फुटेज साठवणाऱ्या यंत्राचं) घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं आणि कोर्टात त्यावरच बोट ठेवलं जातं. डीव्हीआर गल्ल्याखालीच असतो आणि चोर तोही घेऊन जातात, म्हणून तो कुलपाच्या, पण हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवा. ट्रायल रूमच्या आत किंवा आत डोकावेल असा कॅमेरा लावणं गुन्हा आहे (न्याय संहिता कलम ७७). बाहेरच्या पॅसेजचा कॅमेरा पडद्याच्या फटीतून आत बघत नाही ना, हे स्वतः उभं राहून तपासा.

बटण: काउंटरखाली गुडघ्याच्या उंचीवर, आवाज न होणारं. सिमकार्डवर चालणारा पॅनेल चार-पाच नंबरांना फोन लावतो: मालक, मॅनेजर, शेजारचं दुकान, सोसायटीचा रखवालदार. फोन उचलणाऱ्याने ११२ लावायचा. ही बटणं ऐन वेळी चालत नाहीत त्याचं कारण फार साधं असतं: त्या सिमचं रिचार्ज संपलेलं असतं. दर महिन्याच्या एक तारखेला दाबून बघा आणि वहीत सही करा. बटण नसेल तर एक वाक्य ठरवा, जसं "हिरवी फाइल आणा". ते ऐकलं की दुसऱ्याने मागे जाऊन फोन करायचा.

गल्ल्यात ५,००० रुपयांच्या वर रोकड साठली की ती फटीच्या तिजोरीत जावी आणि तिची किल्ली पाळीतल्या कुणाकडेच नसावी. तसं दारावर लिहून लावा. बँकेत भरणा रोज त्याच वेळी, त्याच स्कूटरवरून, त्याच पिशवीतून करू नका. शटर बंद करताना दोघं हवेत: एक कुलूप लावेल, दुसरा रस्त्याकडे तोंड करून उभा राहील. हिशेब अर्ध्या शटरखाली कधीच करू नये. बाहेरच्याला सगळं दिसतं आणि आतल्याला बाहेरचं काहीच दिसत नाही.

बोलायचं कसं

तीन महिन्यांतून एकदा पाऊण तास दुकान उशिरा उघडा आणि हे करून घ्या. एकाने चिडलेला ग्राहक व्हायचं, दुसऱ्याने काउंटर सांभाळायचं. नुसतं भाषण दिलं तर दोन दिवसांत विसरतात.

उभं राहताना दीड मीटर अंतर, अंग किंचित तिरकं, दोन्ही हात दिसतील असे. बोट दाखवायचं नाही, मोबाइलमध्ये बघत उत्तर द्यायचं नाही. समोरचा चढ्या आवाजात बोलत असेल तर आपला आवाज त्याच्याहून खाली आणि सावकाश. पहिलं मिनिट मध्ये न तोडता ऐकायचं.

"शांत व्हा", "ओरडू नका", "नियम म्हणजे नियम", "तुम्हाला कळत नाही का" ही वाक्यं बंद. त्यांऐवजी: "ताई, दोनदा फेरी पडली तुम्हाला, खरंय. बिल द्या, मी आत्ता बघते." "दादा, हे माझ्या हातात आहे तेवढं मी करतो, पुढचं साहेबांना बोलावून करतो." आणि मराठीत एक गोष्ट फार सांभाळावी लागते: अहो-जाहो. ग्राहक अरे-तुरेवर आला तरी आपण "तुम्ही" सोडायचं नाही. वादातला एकेरीवर उतरण्याचा क्षण बघणाऱ्यांच्या लक्षात राहतो आणि मग मूळ कारण बाजूला पडून "मला अरे म्हणाला" यावरून मारामारी होते.

सौम्य बोलण्यालाही हद्द हवी. शिवी दिली की एकदा सांगायचं: "काम करून देतो, पण शिवी देऊ नका." दुसऱ्यांदा दिली की काउंटर सोडून मागे जायचं आणि मॅनेजरने पुढे यायचं. ही मुभा लेखी द्या. ग्राहक देव आहे असं आपण म्हणत आलो, पण मार खाणं कुणाच्याही नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. मुठी आवळल्या, शर्टाच्या बाह्या वर केल्या, एकदम गप्प होऊन इकडे-तिकडे पाहायला लागला, बाहेरच्या साथीदाराला फोन केला, यांतलं काहीही दिसलं की बोलणं थांबवायचं आणि वाट मोकळी करायची.

चोरी पकडताना

मालक आणि कामगार सर्वांत जास्त इथेच अडकतात. ११० रुपयांचं चॉकलेट, आणि त्यावरून दोघांना टाके, एकावर गुन्हा.

खासगी माणसाला अटक करण्याचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये आहे, पण तो आपल्यासमोर घडलेल्या दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा) आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता. पकडलेल्याला विनाकारण उशीर न करता, आणि कसंही झालं तरी सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवावं लागतं. न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये ५,००० रुपयांच्या आतल्या मालाची पहिलीच चोरी असेल आणि माल किंवा किंमत परत केली, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे, आणि असा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र धरला आहे. म्हणजे बिस्किटाचा पुडा किंवा शर्ट चोरणाऱ्याला धरून ठेवताना तुमच्या पायाखाली कायद्याची जमीन फारशी नसते. त्याला गोदामात कोंडलंत तर तुमच्यावर कलम १२७ लागू शकतं, वाट अडवलीत तर १२६, चापट मारलीत तर ११५. गळ्यात पाटी अडकवून फोटो काढणं, व्हॉट्सॲपवर टाकणं यातून आणखी प्रकरणं वाढतात.

म्हणून क्रम असा ठेवा. उचलताना पाहिलं, नजरेआड होऊ दिलं नाही आणि पैसे न देता गल्ला ओलांडला, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय हटकायचं नाही. हटकताना दोघं, त्यातला एक मॅनेजर. वाक्य: "दादा, एका वस्तूचं बिल राहिलंय वाटतं." यातून बहुतेकांना सन्मानाने वस्तू परत करायची वाट मिळते. अंगाला हात लावायचा नाही, खिसे तपासायचे नाहीत, बाईची झडती कुठल्याही परिस्थितीत नाही. पिशवी त्याने स्वतः उघडून दाखवली तरच पाहायची. पळाला तर दाराबाहेर मागे धावायचं नाही. वर्णन, वेळ, गाडीचा नंबर लिहा आणि तक्रार द्या.

सशस्त्र लुटीत नियम एकच आहे: मागेल ते द्यायचं, करतोय ते सांगून करायचं ("ड्रॉवर उघडतोय"), वाट अडवायची नाही. ते गेल्यावर दार आतून बंद, ११२, आणि त्यांनी हात लावलेल्या जागा पोलीस येईपर्यंत तशाच.

कायद्याने मालकावर काय येतं

डॉक्टर आणि रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. दुकानातल्या कामगारासाठी तसा स्वतंत्र कायदा नाही. न्यूयॉर्क राज्यात किरकोळ विक्रीच्या दुकानांसाठी जून २०२५ पासून असा कायदा लागू आहे: दहा किंवा अधिक कामगार असतील तर हिंसाचार रोखण्याचं लेखी धोरण आणि प्रशिक्षण बंधनकारक. आपल्याकडे कर्तव्यं वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहेत. पण ती आहेत, आणि घटना घडल्यावर विचारली जातात.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत कामाची जागा इजा होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणं हे कलम ६ प्रमाणे मालकाचं काम आहे. प्रत्येकाला नेमणूकपत्रही द्यावं लागतं. कलम १४ कामगाराला सुरक्षिततेबद्दल माहिती मागण्याचा आणि गंभीर धोका वाटला तर तो मालकाच्या व निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क देतं. तुमची ती वही इथे तुमच्याच बाजूने उभी राहते: धोका ओळखला होता आणि उपाय केला होता, याचा तोच पुरावा.

महिलांच्या बाबतीत कर्तव्य जास्त स्पष्ट आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १९ म्हणतं की सुरक्षित वातावरणात कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या व्यक्तींपासूनची सुरक्षितताही येते. म्हणजे ग्राहक, माल पोचवणारा, मॉलचा रखवालदार, सगळे आले. ग्राहकाने विक्रेतीचा हात धरला, रोज येऊन नंबर मागितला, तर "ग्राहक आहे, दुर्लक्ष कर" हे मालकाला म्हणता येत नाही. तिला पोलीस तक्रारीसाठी मदत करणं आणि तिची इच्छा असेल तर कारवाई सुरू करणं हे त्याच कलमातलं कर्तव्य आहे.

दहा किंवा अधिक माणसं असतील तर अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान दोन सदस्य कर्मचाऱ्यांतले, एक बाहेरचा, आणि निम्म्याहून कमी महिला नकोत. समिती नेमल्याचा आदेश भिंतीवर लावा. तक्रारीची मुदत तीन महिने, कारण असेल तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत. समिती नसेल तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा तेच घडलं तर दुप्पट शिक्षा आणि परवान्यावरही गदा येऊ शकते. दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हा पत्ता आपल्या कामगारांना सांगून ठेवणं मालकाला अवघड वाटतं, पण सांगायलाच हवं.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाच्या कलम १३ प्रमाणे रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर ठेवायचं तर तिची संमती, संरक्षणाची पुरेशी व्यवस्था आणि घराच्या दारापर्यंत वाहन द्यावं लागतं. वर सांगितलेल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत संमतीची वेळ संध्याकाळी सातपासूनच सुरू होते, म्हणून लेखी संमती सातच्या हिशेबाने घ्या. दारापर्यंत म्हणजे दारापर्यंत. हायवेच्या कोपऱ्यावर सोडून गाडी वळवली तर कायदा पाळला असं होत नाही.

रखवालदार ठेवताना एजन्सीचा 'पसारा' (PSARA) परवाना, म्हणजे २००५ च्या खासगी सुरक्षा कायद्याखालचा, तपासा आणि त्याची प्रत ठेवा. अंगावर धावून जाणारा दणकट माणूस दाराशी उभा केला तर भांडणं वाढतात. ओळखीच्या चेहऱ्याने नमस्कार करणारा आणि वेळेवर फोन लावणारा हवा.

हिंसा आतूनही येते. सुपरवायझरने थोबाडीत मारणं, स्टॉक कमी भरला म्हणून पोरांना रात्री थांबवून ठेवणं, घरी जाताना मुलींची अंगझडती, हे सगळं "दुकानात चालतंच" म्हणून खपवलं जातं आणि तो शुद्ध गुन्हा आहे. घरी जाताना फक्त पिशव्या पाहा, सगळ्यांच्या पाहा, मॅनेजरच्याही. लुटीत गेलेली रोकड पगारातून वळती करता येत नाही. वेतनाच्या कायद्यात अशी कपात कामगाराच्या हयगयीमुळे थेट झालेल्या नुकसानीपुरती आहे, तीही त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावरच. कुणाचा नवरा किंवा पूर्वीचा मित्र दुकानात येऊन त्रास देत असेल तर तिचं काउंटर आतल्या बाजूला घ्या, पाळी बदला, तिच्या परवानगीने रखवालदाराला फोटो दाखवा. तिला कामावरून काढणं हा त्यावरचा उपाय नाही.

घडलंच तर पहिले दोन दिवस

जखमीला आधी दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना मारहाण झाल्याचं स्पष्ट सांगा, म्हणजे एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय) नोंद होते. "घसरून पडलो" असं एकदा लिहिलं गेलं की नंतर ते बदलणं कठीण. सोबत मालक किंवा मॅनेजरने जायचं, खर्च दुकानाचा. तो ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल तर अपघाताचा अहवाल चोवीस तासांत ऑनलाइन भरा. बिलावरून ग्राहकाने मारलं ही कामामुळे झालेली इजा आहे, आणि तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. ईएसआय नसेल तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते.

फुटेज त्याच दिवशी दोन ठिकाणी उतरवा. बरेच डीव्हीआर पंधरा ते तीस दिवसांत जुनं पुसून टाकतात. प्रसंगाआधीचा आणि नंतरचा अर्धा तासही घ्या. पोलिसांना देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे तपासायचा सांकेतिक आकडा) लिहायची असते. कॅमेरेवाल्याकडून त्याच दिवशी काढून घ्या. फुटेज ग्रुपवर टाकू नका, विशेषतः त्यात छळ झालेली महिला असेल तर मुळीच नाही.

पोलीस ठाण्यात साधी मारहाण (कलम ११५) अदखलपात्र म्हणून एनसीत नोंदली जाते आणि लोक हताश होऊन परततात. पण हत्यार वापरलं असेल, हाड मोडलं असेल, महिलेच्या अंगावर हात टाकला असेल, मोठी मोडतोड झाली असेल, तर ते तक्रारीत आकड्यांसह आणि शब्दांसह लिहिलेलं पाहिजे. काचेच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक जोडा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो, ऑनलाइन दिलात तर तीन दिवसांत जाऊन सही करायची असते. प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्याने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना, शहरात उपायुक्तांना, लेखी कळवा.

ज्याला मार बसला त्याला दुसऱ्या दिवशी त्याच काउंटरवर उभं करू नका. दोन-तीन दिवस पगारी सुट्टी, मग आठवडाभर आतलं काम, आणि परत कधी यायचं ते त्याला ठरवू द्या. आठवड्याच्या आत सगळ्यांना बसवून फुटेज बघा. चूक कुणाची हे शोधण्यासाठी ते बघायचं नाही. कुठल्या मिनिटाला वेगळं काही करता आलं असतं, ते पाहा आणि त्यावरून पाटी, रांग, अधिकाराची रक्कम यांतलं एक तरी बदला.

खटला उभा राहिला तर समन्स वर्ष-दोन वर्षांनी येतं. तोवर तो मुलगा दुसरीकडे नोकरीला असू शकतो. त्याचा नंबर आणि घरचा पत्ता फाइलमध्ये ठेवा, तारखेला त्याच्याबरोबर जा, आणि तो अजून तुमच्याकडेच असेल तर कोर्टाचा दिवस हजेरीपटावर कामाचा दिवस म्हणून लावा.